डोंगरी ते मुजफ्फरपूर : बालसंरक्षणातली न भरलेली जागा

या मालिकेत एरवी आपण लढाया, छावण्या आणि मोहिमांबद्दल बोलतो. आजचा विषय वेगळा आहे आणि तो मी मुद्दाम घेतला आहे. ज्या मुलांना घर नाही, किंवा घर आहे पण ते धड नाही, अशा मुलांची जबाबदारी आपल्या देशात सरकारनं कधी, कशी आणि कितपत घेतली, त्याचा हा इतिहास. बडोदा, इंदूर, हैदराबाद, बेळगाव, दिल्ली, तुम्ही कुठूनही हे ऐकत किंवा वाचत असा; तुमच्या जिल्ह्यात एक बालकल्याण समिती कायद्यानं असायलाच हवी. ती कुठे बसते हे बहुतेकांना ठाऊक नसतं. मलाही निवृत्त होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

सुरुवात मुंबईच्या डोंगरीपासून करू. डोंगरीचा तुरुंग मराठी माणसाला माहीत आहे तो आगरकरांमुळे. कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रूनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर तिथे १०१ दिवस होते आणि त्यावर आगरकरांनी पुस्तक लिहिलं. पण पुढे त्या तुरुंगाचं काय झालं? तिथे मुलांचं रिमांड होम झालं. गुन्हा केलेली, हरवलेली, टाकून दिलेली, पळून आलेली मुलं त्याच आवारात ठेवली जाऊ लागली. उमरखाडीचं बालगृह म्हणतात ते हेच. कोणी दुष्टपणानं हे केलं असं मी म्हणत नाही. सरकारपुढे प्रश्न आला, इमारत रिकामी होती, ती वापरली. आपल्याकडच्या बालसंरक्षणाच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं. आधी कायदा येतो, मग इमारत मिळते, आणि त्या मुलाला ओळखणारा, त्याच्या घरी जाऊन चौकशी करणारा माणूस मात्र येत नाही, आला तर फार उशिरा येतो. आज मला बोलायचंय ते या माणसाच्या रिकाम्या जागेबद्दल.

थोडं मागे जाऊ. एक गंमत सांगतो. या विषयावरच्या अनेक लेखांत, परीक्षांच्या नोट्समध्येसुद्धा एक वाक्य सापडतं : भारतातली अशा मुलांसाठीची पहिली शाळा लॉर्ड कॉर्नवॉलिसनं १८४३ साली काढली. कॉर्नवॉलिस १८०५ सालीच गाझीपूरला वारला, त्याची कबर तिथे आहे. मेल्यावर ३८ वर्षांनी त्यानं शाळा कशी काढली हे कोणी विचारत नाही, एकाचं पाहून दुसरा उतरवतो. प्रत्यक्षात मुंबईत या कामाला हात घातला तो डॉ. जॉर्ज बुइस्ट या संपादकानं, आणि त्यातूनच १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक शाळा उभी राहिली. ती माहीमला अजून आहे.

त्याआधी १८५० साली कंपनी सरकारनं ॲप्रेंटिस कायदा केला. गरीब आणि अनाथ मुलांना कुणा कारागिराकडे बांधून द्यायचं, त्यांनी धंदा शिकायचा. मूल हा प्रश्न नव्हताच, भटकणारं मूल हा प्रश्न होता. १८७६ आणि १८९७ चे सुधारगृह कायदेही त्याच वळणाचे. १८९७ च्या कायद्यात 'तरुण गुन्हेगार' याची व्याख्या १५ वर्षांखालचा मुलगा अशी आहे. मुलगी त्या व्याख्येत बसतच नाही.

याच काळात पुण्यात अगदी वेगळ्या तऱ्हेचं काम चालू होतं. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्यात बाळंत झालेल्या काशीबाईचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. यशवंत नाव ठेवलं, तो पुढे डॉक्टर झाला. पंढरपूरला १८७५ च्या सुमारास प्रार्थना समाजाच्या मंडळींनी तसंच गृह सुरू केलं. या कामांना कायद्याचा आधार नव्हता, अनुदान नव्हतं. पण मूल कुणाचं, आई कोण, ती कुठल्या परिस्थितीत आली आणि पुढे काय, हे माहीत असलेलं माणूस तिथे हजर होतं. सरकारी सुधारगृहात पहारेकरी होता, फुल्यांच्या घरी सावित्रीबाई होत्या. हा फरक लक्षात ठेवा.

आता १९१९-२०. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय तुरुंग समिती बसली. तिनं स्पष्ट सांगितलं की मुलांची जागा तुरुंगात नाही, त्यांच्यासाठी वेगळी न्यायालयं आणि वेगळी रिमांड होम हवीत. मग प्रांतांनी कायदे केले : मद्रास १९२०, बंगाल १९२२, मुंबई १९२४. मुंबईचा कायदा राबवायला १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. नाव खासगी संस्थेसारखं असलं तरी तिच्यामागे सरकार होतं. या कायद्यांनी एक नवा माणूस आणला, प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे परिविक्षा अधिकारी. न्यायाधीशानं मुलाबद्दल काही ठरवण्याआधी या अधिकाऱ्यानं मुलाच्या घरी जायचं, शेजारी, शाळा, मालक यांच्याशी बोलायचं आणि लेखी सांगायचं की हे पोर असं का झालं आणि त्याला कुठे पाठवणं बरं.

फौजी भाषेत सांगायचं तर ही रेकी आहे. रेकी न करता तुकडी पुढे काढणाऱ्या कंपनी कमांडरला आम्ही काय म्हणू ते इथे सांगत नाही.

हा माणूस तयार करायचा कुठे? इथे क्लिफर्ड मॅनशार्ट हे नाव येतं. अमेरिकन मराठी मिशनचा हा पाद्री १९२५-२६ च्या सुमारास मुंबईत आला. नागपाड्यासारख्या वस्तीत त्यानं नेबरहुड हाऊस चालवलं. वस्तीत राहून काम करताना त्याच्या लक्षात आलं की नुसत्या दयाळूपणावर हे भागत नाही, याचं शिक्षण लागतं. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशानं १९३६ साली तिथेच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, त्याला जोडून मुलांसाठी चाइल्ड गायडन्स क्लिनिक निघालं, देशातलं पहिलं. १९४४ मध्ये शाळेचं नाव बदलून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं. आपण तिला टिस म्हणतो. समाजकार्य हा शिकण्याचा विषय आहे, त्यात मुलाखत कशी घ्यायची, नोंद कशी ठेवायची, मुलाला न घाबरवता बोलतं कसं करायचं हे शिकवावं लागतं, ही गोष्ट आपल्याकडे नागपाड्यात रुजली. म्हणजे १९४० पर्यंत मुंबईत कायदा होता, संस्था होती आणि माणसं तयार करणारी शाळाही होती. देशात इतरत्र एवढंही नव्हतं. मग अडलं कुठे?

अडलं ते संख्येवर. कायदा करायला विधिमंडळाचं एक अधिवेशन पुरतं. इमारतीला एकदाच पैसा लागतो. माणूस मात्र दर महिन्याला पगार मागतो, बदली मागतो, एसटीचं भाडं मागतो. म्हणून प्रत्येक सरकारनं, इंग्रजांनी आणि आपण, पहिल्या दोन गोष्टी केल्या आणि तिसरीत हात आखडता घेतला.

स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये केंद्रानं बालक अधिनियम केला, पण तो केंद्रशासित प्रदेशांपुरता. राज्यांचे कायदे निरनिराळे. काही राज्यांत कायदा कागदावर होता पण लागू केलेला नव्हता, काही राज्यांत तोही नव्हता. मूल सापडलं तर ठेवायचं कुठे? तुरुंगात. १९८२ मध्ये कानपूरच्या मध्यवर्ती कारागृहात लहान मुलं मोठ्या कैद्यांबरोबर ठेवली जातात आणि त्यांच्यावर अत्याचार होतात, हे मुन्ना खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. कार्ड्यू समितीला तेव्हा ६० वर्षं उलटून गेली होती.

आणि मग शीला बारसे. मुंबईच्या या पत्रकार बाईंबद्दल मला मनापासून आदर आहे. पोलीस कोठड्यांतल्या बायकांचे हाल त्यांनी आधी न्यायालयात नेले होते. मग त्यांनी देशभरच्या तुरुंगांत १६ वर्षांखालची किती मुलं आहेत हा प्रश्न धरला. सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. न्यायालयानं १९८६ मध्ये चांगले आदेश दिले : राज्यांनी माहिती द्यावी, जिल्हा न्यायाधीशांनी तुरुंगांना भेटी देऊन मुलं आहेत का ते पाहावं, मुलांना तुरुंगात ठेवू नये. पण राज्यं शपथपत्रंच वेळेवर दाखल करेनात. तारखा पडत राहिल्या. शेवटी बारसे इतक्या वैतागल्या की त्यांनी याचिका मागे घेण्याची परवानगी मागितली. १९८८ मध्ये न्यायालयानं म्हटलं की हा खटला आता तुमचा एकटीचा नाही, मागे घेता येणार नाही. बारसेंना अर्जदार म्हणून बाजूला करून काम सर्वोच्च न्यायालयाच्या कायदेशीर साहाय्य समितीकडे दिलं. न्यायालयाचा युक्तिवाद कायद्यानं बरोबरच असेल. पण तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन पाहून आलेली बाई या प्रकरणातून बाहेर गेली आणि समिती आत आली, हे मला फार बोलकं वाटतं.

त्यांचाच दुसरा खटला मानखुर्दच्या निरीक्षणगृहाबद्दल होता, चिल्ड्रन्स एड सोसायटीविरुद्धचा. मुलं तिथे नको तितकी लांब राहतात, त्यांच्याकडून काम करून घेतलं जातं, अशा तक्रारी होत्या. त्यातही १९८६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि ही सोसायटी राज्यसंस्थेतच मोडते असं ठरवलं. म्हणजे मुलांचे मूलभूत हक्क तिला लागू. त्याच महिन्यात संसदेनं बाल न्याय कायदा केला, पहिल्यांदा जवळजवळ साऱ्या देशासाठी एकच. मुलगा १६ पर्यंत आणि मुलगी १८ पर्यंत बालक. कुठल्याही मुलाला तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत ठेवायचं नाही. पुढे २००० साली नवा कायदा झाला, दोघांनाही १८ ची मर्यादा आली. २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर २०१५ साली तिसरा कायदा आला आणि १६ ते १८ वयाच्या, घोर गुन्हा केलेल्या मुलांना प्रौढांप्रमाणे खटल्याला उभं करता येईल का यावर देशभर चर्चा झाली. टीव्हीवर महिनोन्‌महिने तोच विषय. वास्तविक यंत्रणेपुढे येणाऱ्या मुलांत अशी मुलं थोडी. बाकीची हरवलेली, टाकलेली, मार खाल्लेली, कामाला जुंपलेली. त्यांच्यासाठी याच कायद्यात बालकल्याण समिती आहे : एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात किमान एक स्त्री. मूल सापडल्यापासून २४ तासांत तिच्यापुढे आणायचं. समितीनं सामाजिक तपासणी अहवाल मागवायचा आणि तो साधारण १५ दिवसांत यायचा. टीव्हीवर या अहवालाबद्दल मी एक शब्द ऐकलेला नाही.

हा अहवाल म्हणजे काय, ते एका अनुभवावरून सांगतो.

निवृत्तीनंतर मी काही वर्षं मध्य भारतात होतो. तिथल्या रेल्वे स्टेशनवर मुलांसाठी काम करणाऱ्या एका बाईंची ओळख झाली होती. एके दिवशी त्यांचा फोन आला, "सर, एक बच्चा है, मराठी बोलता है, हमारी समझ में नहीं आ रहा." गेलो. मुलगा नऊ-दहा वर्षांचा, दोन दिवस नीट जेवला नव्हता. गाव विचारलं तर म्हणाला पिंपळगाव. महाराष्ट्रात पिंपळगावं किती? मोजदाद नाही. तालुका सांगता येईना. बाईंनी मला खूण केली की घाई नको. त्यांनी त्याला बिस्किटं दिली, वही दिली, आणि मला सांगितलं की नाव-पत्ता विचारू नका, गावातली रोजची गोष्ट विचारा. मग मी विचारलं, बाजार कधी भरतो? गुरुवारी. शेतात काय? केळी. गावात येणाऱ्या एसटीवर काय लिहिलेलं असतं? त्याला वाचता येत होतं, त्यानं आगाराचं नाव सांगितलं. नकाशा घेऊन आम्ही अर्ध्या तासात गाव शोधलं. मला वाटलं काम झालं. आता पोलिसांबरोबर गाडीत बसवायचं आणि पाठवायचं.

बाई म्हणाल्या, नाही. तो हरवला नाहीये, पळालाय. कशापासून पळाला ते कळल्याशिवाय मी त्याला परत पाठवण्याची शिफारस करणार नाही. त्यांनी हे कशावरून ओळखलं? मी गावाचं नाव उच्चारल्यावर तो खूश झाला नव्हता, गप्प झाला होता. माझं लक्ष नकाशात होतं, त्यांचं पोराच्या चेहऱ्याकडे.

मग महाराष्ट्रातल्या त्या जिल्ह्याकडे घरचौकशी मागवली गेली. त्या जिल्ह्यात या कामाला एकच माणूस होता, कंत्राटी, आणि स्वतःच्या मोटरसायकलवर फिरणारा. फोनवर बोललो तेव्हा भला माणूस वाटला. "साहेब, माझ्याकडे अशा चाळीसेक चौकश्या पडून आहेत, शिवाय आठवड्यातून दोन दिवस कोर्ट." अहवाल यायला साडेतीन महिने लागले. तोवर मुलगा बालगृहात, परभाषेत. अहवालात लिहिलं होतं की वडील वारलेत, आईनं दुसरा घरोबा केलाय, त्या घरात मारहाण होते; मात्र आजीचं घर आहे आणि आजी सांभाळायला तयार आहे. मुलगा आजीकडे गेला. हे चार ओळींचं सत्य कळायला कोणीतरी आजीच्या ओट्यावर जाऊन बसणं आवश्यक होतं. नवा कायदा केला म्हणून ते कळलं नसतं, नवी इमारत बांधूनही नाही.

आता हिशेब पाहा. २००९ मध्ये केंद्रानं एकात्मिक बाल संरक्षण योजना आणली. चांगली योजना, हे आधी म्हणतो. प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष मिळाला, पूर्वी तोही नव्हता. पण त्या कक्षाच्या मूळ आराखड्यात संपूर्ण जिल्ह्यासाठी समाजकार्यकर्ते दोन आणि क्षेत्रकार्यकर्ते दोन. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर घ्या : २०११ च्या जनगणनेत ४५ लाख लोक, १७ हजार चौरस किलोमीटर. त्याला दोन आणि दोन. पायदळात दहा जवानांमागे एक सेक्शन कमांडर असतो. त्याला प्रत्येकाचं गाव, घरची अडचण, कोणाच्या बायकोचं बाळंतपण कधी हे माहीत असतं. दहापेक्षा फार जास्त माणसं एका हवालदाराच्या ध्यानात राहत नाहीत, हे सैन्यानं शेकडो वर्षांच्या ठेचांतून शिकून ठेवलं आहे. आणि हे चार लोक बहुतेक ठिकाणी कंत्राटावर, दर वर्षी मुदतवाढीची वाट बघणारे. अनुभवी झाला की माणूस सोडून जातो. दुसरी नोकरी पगार तरी वेळेवर देते.

इंग्लंडचा दाखला इथे कामाचा आहे. १९४५ च्या जानेवारीत डेनिस ओनील नावाचा १२ वर्षांचा मुलगा श्रॉपशायरमधल्या एका शेतघरात मारहाणीनं आणि उपासमारीनं मेला. नगरपालिकेनं त्याला त्या कुटुंबाकडे सांभाळायला दिलं होतं. अगाथा ख्रिस्तीचं 'माउसट्रॅप' नाटक तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल, त्याच्या मुळाशी ही घटना आहे. मृत्यूच्या काही आठवडे आधी नगरपालिकेची एक कर्मचारी तिथे जाऊन आली होती आणि तिनं काळजीही व्यक्त केली होती, पण वेळेत कोणी हललं नाही. सर वॉल्टर मॉन्क्टन यांनी चौकशी केली, मग कर्टिस समिती बसली, आणि १९४८ च्या कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेला चिल्ड्रन्स ऑफिसर नेमणं बंधनकारक झालं. जबाबदारी एका खात्यावर नव्हे, नाव असलेल्या एका अधिकाऱ्यावर आली. म्हणून तिथलं सगळं सुधारलं का? नाही. २००० साली लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आठ वर्षांची मुलगी नातेवाइकाच्या घरी छळानं मेली. पोलीस, रुग्णालयं, समाजसेवा विभाग, सगळ्यांनी तिला पाहिलेलं होतं. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीत असे १२ प्रसंग निघाले जेव्हा तिला वाचवता आलं असतं. तिचं प्रकरण हाताळणारी समाजकार्यकर्ती नवखी होती, तिच्यावर झेपेल त्याहून जास्त प्रकरणांचा भार होता आणि वरिष्ठांचं लक्ष नव्हतं. तेव्हा माणूस नेमला म्हणून भागत नाही. त्याला झेपेल एवढंच काम आणि त्याच्या पाठीशी एक जाणता वरिष्ठ, दोन्ही लागतं.

आपल्याकडे काही चांगलं घडलंच नाही असं मात्र नाही. १९९६ मध्ये टिसच्या जेरू बिलिमोरिया यांनी मुंबईत चाइल्डलाइन सुरू केली. रस्त्यावरची मुलं रात्री-अपरात्री त्यांना फोन करायची, त्यातून ही कल्पना आली. नंबर १०९८, पोरांच्या तोंडी दस-नौ-आठ. फोन केला की जवळच्या संस्थेचा माणूस स्वतः त्या मुलापर्यंत पोचायचा, हे तिचं वैशिष्ट्य होतं. पुढे ती देशभर पसरली. २०२३ पासून ती सरकारनं आपल्याकडे घेतली आणि ११२ या आपत्कालीन यंत्रणेशी जोडली. ११२ म्हटलं की लोकांना पोलीस आठवतात. जे पोर पोलिसांनाच भितं ते हा फोन करील का, ही शंका अनेक जुन्या कार्यकर्त्यांनी बोलून दाखवली आहे आणि मला ती रास्त वाटते.

आता २०१८. या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. फेब्रुवारीत संपूर्णा बेहुरा खटल्याचा निकाल आला. याचिका होती २००५ ची. तेरा वर्षांनी न्यायमूर्ती लोकूर यांच्या खंडपीठानं सांगितलं की बालकल्याण समित्या, बाल न्याय मंडळं, परिविक्षा अधिकारी यांच्या रिकाम्या जागा भरा. म्हणजे १९२० च्या दशकात निर्माण झालेली जागा भरा असं २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

दुसरी गोष्ट मुजफ्फरपूरची. बिहार सरकारनंच टिसच्या 'कोशिश' या गटाला राज्यातल्या सुमारे ११० निवारा संस्थांचं सामाजिक लेखापरीक्षण करायला सांगितलं होतं. याचं श्रेय त्या सरकारला द्यायला हवं. अहवाल एप्रिल २०१८ मध्ये गेला. त्यात मुजफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर लैंगिक अत्याचार होत असल्याचं नमूद होतं, आणि इतरही अनेक संस्थांबद्दल गंभीर नोंदी होत्या. ३१ मे रोजी गुन्हा नोंदला गेला. वैद्यकीय तपासणीत ४२ पैकी ३४ मुलींवर अत्याचार झाल्याचं निष्पन्न झालं. तपास सीबीआयकडे गेला, खटला दिल्लीला हलवला गेला, आणि जानेवारी २०२० मध्ये १९ आरोपी दोषी ठरले. त्यांत बालकल्याण समितीशी आणि बाल संरक्षण कक्षाशी संबंधित माणसं होती. ज्यांनी पाहायचं तेच त्यात सामील.

माझा प्रश्न वेगळा आहे. हे गृह काही जंगलात नव्हतं, भर वस्तीत होतं. त्याची सरकारी तपासणी होत होती. मग तपासणी करणाऱ्यांना जे दिसलं नाही ते या बाहेरच्या तरुण मुलामुलींना कसं दिसलं?

फौजेत दोन प्रकारे माहिती मिळते. एक रिटर्न, म्हणजे खालून वर येणारा तक्ता. राशन किती, माणसं किती, आजारी किती. दुसरी राउंड. रात्री दोन वाजता ड्यूटी अफसर न सांगता गार्डवर जातो, लंगरात जाऊन डाळ चाखतो, आणि सैनिक संमेलनात सीओपुढे जवान उभा राहून बोलू शकतो. रिटर्न खोटा असतो असं नाही, पण तो विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरं देतो. बालगृहाची सरकारी तपासणी बहुतेक ठिकाणी रिटर्न असते : खाटा किती, सीसीटीव्ही चालू आहे का, भिंतींना रंग आहे का, रजिस्टर पूर्ण आहे का. 'कोशिश'च्या लोकांनी राउंड घेतली. ते मुलींजवळ बसले, कर्मचाऱ्यांना बाजूला ठेवून. त्यांच्या कलानं बोलले. यात गुप्तहेरगिरी नाही. नागपाड्यात सुरू झालेल्या त्या शाळेत १९३६ पासून हेच शिकवत आले आहेत.

२०१५ च्या कायद्यात याची तरतूद आहे, कलम ५४. तपासणी समितीनं तीन महिन्यांतून किमान एकदा प्रत्येक संस्थेत जायचं, पथकात निदान तीन जण, त्यात एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी, आणि आठवड्याच्या आत अहवाल द्यायचा. त्या तीन जणांनी किती वेळ कार्यालयात चहा प्यायचा आणि किती वेळ मुलांत बसायचं, हे कलमात लिहिता येत नाही.

एका श्रोत्यानं मागे विचारलं होतं की बालगृहं बंदच करून मुलांना घरी का पाठवत नाही? दिशा बरोबर आहे, कायदाही म्हणतो की संस्था हा शेवटचा पर्याय. मिशन वात्सल्यमध्ये गरजू कुटुंबातल्या मुलाला प्रायोजकत्व म्हणून महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात आणि ही फार मोलाची गोष्ट आहे. कित्येक मुलं बालगृहात पोचतात ती निव्वळ गरिबीमुळे. पण सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाच्या काळात, राष्ट्रीय बालहक्क आयोगानं आठ राज्यांना, त्यात महाराष्ट्र होता, कळवलं की संस्थांतल्या मुलांना १०० दिवसांत कुटुंबात परत पाठवा. एका मुलाच्या घरचौकशीला साडेतीन महिने लागलेले मी पाहिले होते. हजारो मुलांची घरं १०० दिवसांत कोण पाहणार? तेच दोन आणि दोन?

मुजफ्फरपूरच्या त्या गृहात एकूण ४४ मुली होत्या. सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या पुनर्वसनाचा आराखडा करायचं काम पुन्हा 'कोशिश'कडेच दिलं. कार्यकर्ते एकेका मुलीचं घर शोधत गेले, आईवडील आहेत का, ते तिला घेतील का, घेतलं तर ती तिथे सुरक्षित राहील का, हे पाहून आले. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयानं त्या अहवालांवरून ८ मुलींना त्यांच्या घरी पाठवायला परवानगी दिली. बाकीच्यांसाठी शोध पुढे चालू ठेवायला सांगितलं.